सोलापूरची तार, कावेरीकाठचा दिवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कुंभकोणम येथे केलेले भाषण)



या व्याख्यानासाठी आमच्याकडे विषय मागण्यात आला तेव्हा आम्ही तंजावरच्या मराठी राज्याविषयी बोलावे, अशी कार्यवाहांची अपेक्षा असणार. ती स्वाभाविकच होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे या प्रांती आले आणि १८५५ पर्यंत येथे भोसल्यांची गादी नांदली. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. याच कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. परंतु या विषयावर आमच्यापेक्षा कितीतरी अधिकारी मंडळी समोर बसलेली आहेत. त्यांच्यापुढे आम्ही इतिहास सांगावा, हे काही बरे दिसले नसते.

म्हणून आम्ही एक निराळाच विषय निवडला आहे. तो विजेचा आहे. त्यातही वीज निर्माण करण्याचा नव्हे, तर ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेण्याचा. आम्ही मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेले, केंद्र सरकारच्या चाकरीत तीन दशके काढलेले गृहस्थ. विद्युत्शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण या एका गोष्टीची दोन्ही टोके पाहण्याचा योग आमच्या बदल्यांमुळे आम्हांस आला. एक टोक या कावेरीकाठी होते आणि दुसरे आमच्या सोलापुरास. त्या दोन टोकांमध्ये जे पाहिले, ऐकले आणि सवडीने वाचले, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

आमची कुंभकोणमला पहिली बदली झाली ती २०१२ साली. त्या वर्षाची आठवण आपणांस करून द्यावयास नको. चेन्नई शहर सोडले तर या राज्यात भारनियमनाने कहर केला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर काही दिवशी बारा-बारा तासांहून अधिक काळ वीज नसे. आपल्यातले सांगली-विट्याकडचे गलाईवाले बंधू त्या दिवसांत सोने आटवण्याचे काम दिवे असतील त्या वेळेत कसेबसे उरकून घेत आणि सायंकाळी दुकानाच्या पायरीवर वारा घालीत बसत. शाळकरी मुले मेणबत्तीपाशी अभ्यास करीत. भातशेतीचे पंप कधी चालतील आणि कधी नाही, हे सांगण्याची सोय नव्हती.

आमच्या घरमालकीणबाई तंजावर-मराठी घराण्यातल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचे. आम्ही सारे त्यांना आजी म्हणत असू. त्या वर्षी आषाढात त्या भाचीकडे नागरकोइलला जाऊन आल्या. वाटेत आरल्वाइमोळीच्या खिंडीत गाडीच्या दोन्ही अंगांना पवनचक्क्यांचे अरण्य लागते. आल्यावर त्यांनी आपल्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत आम्हांस विचारले, “वारा इतका की डोक्यावर पदर राहीना, आणि तरी कितीतरी चक्क्या हातपाय बांधल्यासारख्या उभ्या. इकडे आम्ही अंधारात. तुम्ही सरकारी माणसे, सांगा पाहू हे असे का?”

आम्हांस सांगता आले नाही. सरकारी माणसाला सर्वच खात्यांतले कळते, असा जो आपल्या समाजात समज आहे, त्याने आमची अनेकदा पंचाईत केली आहे. शेवटी वीजक्षेत्रात काम करणाऱ्या एका परिचितांस आम्ही विचारले. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिले. ते म्हणाले, “साहेब, वारा आहे, चक्की आहे, पण तारेवर जागा नाही.”

आजचे हे भाषण म्हणजे त्या एका वाक्याचे विवरण आहे, असे समजावे.

प्रथम वाऱ्याविषयी. नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिम घाटाच्या भिंतीवर आदळतो. पण त्या भिंतीला दक्षिणेकडे काही खिंडारे आहेत. पालघाटची, शेंकोट्टैची आणि अगदी टोकाशी आरल्वाइमोळीची. या खिंडींतून वारा कोंडल्यासारखा वेगाने बाहेर पडतो. मे ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम. कोडगूच्या डोंगरांत पाऊस पाडून कावेरीला पाणी देणारा आणि मुप्पंदलच्या चक्क्या फिरवणारा वारा एकच आहे. मेट्टूरचे पाणी ज्या १२ जूनला सोडण्याची प्रथा आहे, त्याच सुमारास चक्क्यांनाही भर येतो.

या वाऱ्यापासून वीज काढण्याचा उद्योग आपल्या देशात १९८६ साली सुरू झाला. गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतिकोरीन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी अशा तीन किनाऱ्यांवर पहिली प्रात्यक्षिके झाली. तेव्हाची एकेक चक्की ५५ किलोवॉटची, म्हणजे आजच्या हिशेबाने खेळणेच. रत्नागिरीचे नाव या यादीत आहे याचा आपणांस आनंद वाटावा. पण पुढे या कामात आघाडी घेतली ती तामिळनाडूने, आणि दीर्घकाळ हे राज्य देशात पहिल्या क्रमांकावर राहिले. आज येथील पवनचक्क्यांची एकूण क्षमता १०,००० मेगावॉटच्या वर गेली आहे. त्यात रामनाथपुरम जिल्ह्यातील कमुदीसारख्या सौर प्रकल्पांची भर पडली. २०१६ साली पुरा झालेला तो एकच प्रकल्प ६४८ मेगावॉटचा आहे.

येथेच अडचण उत्पन्न झाली. कोळशाचे केंद्र कोठे उभारावयाचे हे माणूस ठरवू शकतो. कोळसा आगगाडीने आणता येतो आणि केंद्र शहराजवळ बांधता येते. वारा मात्र गाडीत भरून आणता येत नाही. तो जेथे वाहतो तेथेच चक्की उभी करावी लागते, आणि तो वाहतो राज्याच्या टोकाला, जेथे वस्ती विरळ आणि विजेची गरज थोडी. मुप्पंदलहून कुंभकोणम चारशे किलोमीटरांच्या आसपास पडते. त्या दक्षिण टोकाच्या जुन्या वाहिन्या तेथील गावांना वीज पोचवण्यासाठी घातलेल्या होत्या. तेथून वीज उचलून आणण्यासाठी नव्हे.

ही गोष्ट कावेरीकाठच्या माणसास समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या या प्रदेशाचे सारे वैभव कालव्यांवर उभे आहे. कल्लणैच्या बांधापाशी पाणी वाटले जाते. कावेरी, वेण्णार आणि कालवे आपापला वाटा घेतात, त्यांच्या पाटांना फाटे फुटतात आणि शेवटी ते आपल्या बांधाशी येते. पूर आला आणि कालव्यांत मावेना, म्हणजे जास्तीचे पाणी कोळ्ळिडममधून समुद्रास जाते. टोकाचा शेतकरी कोरडा असला तरी जाते, कारण त्याच्याकडे जाणारा पाट अरुंद असतो. आजींनी पाहिलेल्या थांबलेल्या चक्क्या म्हणजे विजेचे कोळ्ळिडमच होते.

मात्र पाणी आणि वीज यांत एक मोठा भेद आहे. पाणी तळ्यात साठवता येते. तारेतील वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी ती कोणी तरी वापरावी लागते. मागणी अधिक झाली की साऱ्या जाळ्याची वारंवारता ५० च्या खाली उतरू लागते. निर्मिती अधिक झाली की ती वर चढते. हा तोल रात्रंदिवस, क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. म्हणून जाळे जितके विस्तृत, तितका तोल सोपा. एका खिंडीतला वारा पडला तर दुसऱ्या खिंडीत असतो. तामिळनाडूत ढग आले तर सोलापुरात ऊन असते. पण हा लाभ मिळण्यासाठी खिंड, गाव आणि सोलापूर हे एकमेकांस जोडलेले असले पाहिजेत.

ते तसे नव्हते. या राज्यात १९३२ साली निलगिरीतील पैकारा येथे आणि १९३७ साली मेट्टूर येथे जलविद्युत केंद्रे सुरू झाली आणि पुढे ती एकमेकांस जोडली गेली. महाराष्ट्रात आपले खोपोली, भिरा, कोयना हे निराळे जग होते. १९६४ साली देशाचे विजेच्या दृष्टीने पाच विभाग पाडण्यात आले, आणि प्रत्येक विभाग आपल्यापुरता चालू लागला. पूर्व आणि ईशान्य विभाग १९९१ साली एक झाले. पश्चिम विभाग, म्हणजे आपला महाराष्ट्र, त्यांना २००३ साली मिळाला. २००६ साली उत्तर विभाग आला. दक्षिण तेवढी एकटी राहिली.

एकटी म्हणजे सर्वस्वी तुटलेली नव्हे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे एक विशेष प्रकारचे केंद्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. तेथे पश्चिमेची वीज प्रत्यावर्ती प्रवाहातून एकदिश प्रवाहात आणि पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात बदलून दक्षिणेस दिली जाते. ओडिशातील तालचेरहून कर्नाटकातील कोलारपर्यंत अशीच एक लांब वाहिनी २००३ मध्ये झाली. हा प्रकार कसा असतो ते पंढरीच्या वाटेवरच्या उदाहरणाने सांगतो. दोन दिंड्या आपापल्या ठेक्यात चालल्या आहेत. त्यांचे टाळ एकमेकांशी जुळत नाहीत; पण मध्ये एक माणूस उभा आहे, तो इकडचा निरोप तिकडे पोचवतो. निरोप पोचतो, पण त्या एका माणसाला जितका पेलवेल तितकाच. दोन्ही दिंड्या एकाच तालात चालू लागणे ही निराळी गोष्ट. तेव्हा मधल्या माणसाची गरज राहत नाही.

या एकटेपणाचा एक लाभही एकदा दिसला. ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवशी उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग अंधारात गेले आणि सुमारे ६० कोटी लोक ज्या प्रदेशात राहतात तेथील व्यवहार थांबले. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. दक्षिणेस मात्र धक्का लागला नाही, कारण मधला माणूस ताल पोचवीत नसल्यामुळे बेतालपणाही पोचला नाही. त्या दिवशी आमच्या कचेरीत एक सहकारी म्हणाले, “बरे झाले, आपण वेगळे आहोत.” आम्हीही मान डोलावली. तीनच महिन्यांनी बारा तासांच्या अंधारात बसलो तेव्हा वेगळेपणाची किंमत कळली. उत्तरेकडे वीज विकत मिळत होती. ती घेण्यास दक्षिणेकडचे लोक तयार होते. पण आणावयास वाट नव्हती. म्हणजे तामिळनाडूच्या दारास दोन कुलपे होती. वारा असे तेव्हा टोकाकडची वीज आत येण्यास तार पुरत नसे, आणि वारा पडला म्हणजे बाहेरची वीज आत येण्यास तार पुरत नसे.

२०१३ साली आमची बदली सोलापूरला झाली. स्वगृही परतल्याचा आनंद होताच. त्या वेळी सोलापूर ते रायचूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीचे काम चालले होते. ७६५ किलोव्होल्ट म्हणजे किती, याची कल्पना आपल्या घरातील २३० व्होल्टवरून करावी. दाब इतका वाढवण्याचे कारण सोपे आहे. दाब दुप्पट केला की तेवढीच वीज नेण्यास प्रवाह निम्मा लागतो, आणि तार तापून जी वीज वाया जाते ती चौथाईवर येते. दूरच्या प्रवासास म्हणून उंच मनोरे आणि मोठा दाब. सोलापूर-रायचूर हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपासचे. देशाच्या नकाशावर ती एक लहानशी रेघ दिसते.

३१ डिसेंबर २०१३ रोजी, वर्ष सरता सरता, त्या रेघेवरून दक्षिणेचा ताल उर्वरित देशाच्या तालाशी जुळवण्यात आला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे त्या घडीपासून एकाच ठेक्यात फिरू लागली. पुढील वर्षी शेजारून दुसरी वाहिनी आली. आम्ही त्या रात्री सोलापुरात होतो, पण आम्हांस काही कळले नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वाचले. वाचल्याबरोबर आजींची आठवण झाली आणि त्यांना पत्र लिहिले, “तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आमच्या गावातून निघाले आहे.”

अर्धेच, कारण दुसरे कुलूप, राज्याच्या आतले, अद्याप लागलेलेच होते. ते उघडण्याचे काम ‘हरित ऊर्जा मार्ग’ या नावाने पुढे झाले. २०१५ मध्ये केंद्राने आठ राज्यांसाठी सुमारे १०,१४१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत तामिळनाडूही आले आणि महाराष्ट्रही. खर्चाचे ४० टक्के केंद्राचे अनुदान, २० टक्के राज्याचे भांडवल आणि ४० टक्के जर्मनीच्या विकास बँकेचे कर्ज, अशी वाटणी होती. थेनीकडील तप्पगुंडू, उडुमलपेटजवळील आनैकडवू आणि रासिपाळैयम येथील ४०० किलोव्होल्टची उपकेंद्रे या राज्यात त्यातून आली. २०२२ च्या जानेवारीत सात राज्यांसाठी दुसरा टप्पा मंजूर झाला, तो सुमारे १२,००० कोटींचा. त्यातही तामिळनाडू आहे.

या सर्वांहून मोठे काम म्हणजे छत्तीसगडातील रायगडपासून करूर जिल्ह्यातील पुगळूरपर्यंतची ८०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी. लांबी १,७०० किलोमीटरांहून अधिक, क्षमता ६,००० मेगावॉट. २०२१ मध्ये ती पूर्ण झाली. वारा नसेल तेव्हा उत्तरेची वीज तिने इकडे यावी, आणि वारा भरात असेल तेव्हा इकडची वीज तिने उलट जावी, अशी तिची रचना आहे. ज्या दक्षिणेला एकेकाळी केवळ घेणारी म्हणत, ती हंगामात देणारी होऊ शकते. आमच्या मते साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी पालट होय.

तार आली म्हणजे सारे झाले असे मात्र नाही. सूर्य सायंकाळी मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी घरोघर दिवे लागतात. तेव्हा कोणी तरी त्वरेने पुढे व्हावे लागते. हे काम पाणी उत्तम करते. कोइंबतूर जिल्ह्यातील कडंपारै येथे ४०० मेगावॉटचे असे केंद्र आहे की जेथे जास्तीच्या विजेने पाणी वर चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. आपली कोयना, १,९६० मेगावॉटची, सायंकाळच्या गरजेला अशीच धावून येते. ५ एप्रिल २०२० ची रात्र आपणांस आठवत असेल. महामारीच्या काळात नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवण्याचे आवाहन झाले होते. त्या थोड्या वेळात देशाची मागणी ३१,००० मेगावॉटहून अधिक घसरली आणि लगेच पूर्ववत झाली. जाळे डगमगले नाही, कारण जलविद्युत केंद्रांनी त्याप्रमाणे निर्मिती उतरवली आणि चढवली, आणि कारण जाळे देशभर पसरलेले होते. वाऱ्याचा आणि उन्हाचा अंदाज आदल्या दिवशी बांधण्याचे शास्त्रही आता वाढले आहे. चेन्नईतील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था त्यात काम करते.

येथपर्यंतची कहाणी यशाची आहे. ती येथेच संपवली असती तर आपण टाळ्या वाजवून घरी गेला असता. पण आम्ही दोन्ही टोके पाहिल्याचे आरंभी सांगितले, आणि मधला भाग न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या मेहुण्यांची दक्षिण सोलापूर तालुक्यात बारा एकर काळी जमीन आहे. ज्वारी आणि तूर पिकते. सोलापुरातील आमच्या मुक्कामातच एका वाहिनीचा मनोरा त्यांच्या रानात उभा राहिला. ती वाहिनी कोणाची, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. उभ्या पिकातून यंत्रे गेली. पिकाच्या नुकसानीचे पैसे मिळाले, तेही खेटे घातल्यावर. मनोऱ्याखालच्या जमिनीचे मात्र काहीच नाही, कारण जमीन संपादन केलेलीच नव्हती; सात-बाऱ्यावर ती त्यांच्याच नावे राहिली. आम्ही एका रविवारी भेटीस गेलो तेव्हा मेहुणे बांधावर उभे राहून म्हणाले, “दाजी, तुमच्या त्या कुंभकोणमला दिवा लागावा म्हणून आमच्या रानात लोखंड. लागू द्या, आमची ना नाही. पण वीज आमच्या डोक्यावरनं जाती, आणि आमच्या मोटारीला लाईट येती रात्री बाराला. इंचवाकाड्याचं भ्या घेऊन पाणी धरायचं आम्ही. हे कोणत्या न्यायात बसतं?”

आम्ही निरुत्तर झालो. आजींच्या प्रश्नाला उत्तर मिळवता आले होते. याला सहज मिळेना. परिपत्रके वाचणे हाच आमचा पोटाचा धंदा असल्याने आम्ही ती वाचली. तारा नेण्याचा अधिकार १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यातून आलेला. त्या काळच्या खांबाला जागा लागे वीतभर. २००३ च्या वीज कायद्याने तोच अधिकार प्रचंड मनोऱ्यांसाठीही वापरता येऊ लागला. म्हणजे खांब वाढला आणि न्याय तेवढाच राहिला. २०१५ च्या ऑक्टोबरात केंद्राने प्रथमच सांगितले की मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाई द्यावी. शेतकऱ्यांचे समाधान झाले नाही. २०१८ च्या डिसेंबरात याच तामिळनाडूच्या पश्चिमेकडील कोंगू प्रदेशात शेतकऱ्यांनी मनोऱ्यांविरुद्ध आंदोलन केले. त्यांची मागणी वीज नको अशी नव्हती. आमचा विचार करा, अशी होती. पुढे २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने ही मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. आता पायाच्या जमिनीसाठी किमतीच्या २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के, असे प्रमाण आले आहे. राज्यांनी ते मनापासून स्वीकारावयाचे आहे. आमच्या मेहुण्यांना त्याचा लाभ नाही. त्यांचा मनोरा आधीचा.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न मिटलेला नाही, उलट वाढणार आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॉटहून अधिक नवीकरणीय क्षमता जाळ्यात सामावून घेण्यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२२ च्या डिसेंबरात आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ५०,००० किलोमीटरांच्या नव्या वाहिन्या आणि २ लाख ४४ हजार कोटींचा खर्च धरलेला आहे. तामिळनाडूच्या समुद्रात उभ्या करावयाच्या पवनचक्क्यांचाही त्यात विचार आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. मोठ्या वाहिनीस चार-पाच वर्षे लागतात. ती वर्षे मुख्यतः कोठे जातात? पोलाद ओतण्यात नव्हे; शेताच्या बांधावर, वादात जातात. मोबदला देण्यात जो पैसा वाचवला असे वाटते, तो विलंबाच्या रूपाने दुप्पट जातो, आणि तोपर्यंत चक्क्या थांबून राहतात. म्हणून मनोऱ्याखालच्या शेतकऱ्याला न्याय देणे हे उपकार करणे नव्हे. तो त्या वाहिनीच्या खर्चाचाच एक भाग आहे. आम्ही सरकारी चाकर आहोत, तरी हे आम्ही सांगतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक गरजेसाठी लांबची वाहिनीच हवी असे नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आहे. गावच्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या पंपांना दिवसा वीज द्यावी, हा तिचा हेतू. मेहुण्यांच्या रात्री बाराच्या दुखण्यावर औषध आहे ते हेच. दूरचे दुरून आणावे, जवळचे जवळ वापरावे. दोन्ही मिळूनच जाळे होते.

२०१८ च्या नोव्हेंबरात गाजा चक्रीवादळ नागपट्टिणम-वेदारण्यमच्या किनाऱ्यास धडकले, तेव्हा आम्ही येथे नव्हतो. पण आपण होता. एक लाखाहून अधिक विजेचे खांब आडवे झाले. ते उभे करण्यास राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणि केरळासारख्या शेजारच्या राज्यांतूनही वायरमन आले आणि चिखलात राबले. जाळे हे केवळ तारांचे नसते, हे त्या वेळी या जिल्ह्यांनी पाहिले.

गतवर्षी आमची पुन्हा येथे बदली झाली. आजी आता नाहीत; त्यांच्या वाड्यात त्यांचे नातू राहतात. दिवाळीत आमचे मेहुणे प्रथमच कुंभकोणमला आले. सायंकाळी आम्ही त्यांना गच्चीवर नेले. देवळांची गोपुरे, त्यांवरचे दिवे आणि खाली सारे गाव उजळलेले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “दाजी, ह्यातला आमच्या रानावरनं आलेला दिवा कोणता?”

ते कोणालाही सांगता येणार नाही. एकदा जाळ्यात शिरलेली वीज मुप्पंदलची, नेय्वेलीची की सोलापूरवरून आलेली, हे ओळखता येत नाही. दिव्यावर नाव नसते. म्हणूनच ज्याच्या रानातून ती आली त्याचा हिशेब दिव्यापाशी होऊ शकत नाही. तो मनोऱ्याच्या पायाशी, वेळेवर आणि पुरता, करावा लागतो. आम्ही मेहुण्यांना एवढेच म्हणालो की, कोणता ते ठाऊक नाही, पण आहे हे नक्की. ते हसले आणि म्हणाले, “मग ठीक हाय. पण तुमच्या सायबांस्नी सांगा.”

साहेबांस सांगण्याइतका आमचा अधिकार नाही. आपणांस सांगितले. आपण सारे गाव सोडून शेकडो कोस दूर आलेली माणसे. आपल्यांतील अनेकांची घरची रानेही अशाच तारांखाली आहेत. आज घरी गेल्यावर दिव्याचे बटण दाबताना ती राने क्षणभर आठवावीत, एवढी विनंती करतो.